दोघांनी थोरोंगची खिंड ओलांडायची तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही निपाणीच्या, वय ३४, मिस्टर ३७ वर्षांचे. ऑक्टोबरात १२ दिवसांच्या रजेत दोघांनी नेपाळला जायचं, अन्नपूर्णा सर्किट, म्हणजे अन्नपूर्णा पर्वतरांगेला वळसा घालणारा ट्रेक, करायचा आणि थोरोंगची खिंड ओलांडून मुक्तिनाथाला उतरायचं असं त्यांनी ठरवलंय. ते रोज दहा किलोमीटर धावतात. तुम्ही सह्याद्रीतले चार-पाच गड केलेत, हिमालयात अजून पाऊल ठेवलेलं नाही. स्टॅमिना कसा वाढवू, बूट कोणते घेऊ, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची का, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय, "माझ्यामुळे त्यांचं अडू नये एवढंच. त्यांना मी अजून काही बोललेली नाही."

मी बेळगावची, टिळकवाडीत राहते. गेली बारा वर्षं मी आणि माझे मिस्टर आपल्या भागातल्या लोकांचे लहान गट घेऊन नेपाळला जातो. बेळगाव, खानापूर, चिकोडी, कधी चंदगडकडचेही लोक असतात आणि त्यात नवरा-बायकोच्या जोड्या बऱ्याच. बूट आणि गोळ्यांवर पुढे लिहितेच. पण मला काळजी वाटली ती तुमच्या त्या शेवटच्या ओळीची. चार हजार मीटरच्या वर हाच विचार माणसाला डोकेदुखी लपवायला लावतो. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आधी शरीराचं बघू. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. सर्किट जिथून सुरू होतो ते बेसीशहरही जवळपास तेवढ्याच उंचीवर, ७६० मीटर. म्हणजे तिथं गाडीतून उतरल्यावर श्वासाला घरच्यासारखंच वाटतं. पुढे मनांग ३,५४० मीटर आणि खिंड ५,४१६ मीटर. वरच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब उतरतो. त्यामुळे समुद्रकाठी एका श्वासात जेवढा ऑक्सिजन मिळतो, त्याच्या साधारण दोन तृतीयांश मनांगला मिळतो आणि खिंडीत निम्म्याहून थोडासाच जास्त. शरीर ही तूट भरून काढायला लागतं. श्वास वाढतो, मूत्रपिंडं रक्तातला समतोल बदलतात, लघवी जास्त होते. या सगळ्याला दिवस लागतात. किती, ते ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर आहे, आणि रोज धावल्यानं ते दिवस कमी होत नाहीत. धावणाऱ्या माणसाचे पाय आणि फुप्फुसं मजबूत असतात, म्हणून तो शरीर तयार व्हायच्या आधीच वर पोचतो. माझ्या गटांतून ज्यांना खाली आणावं लागलं त्यांत तगडे, तरुण पुरुष जास्त होते.

आपल्या डोंगरांत याची परीक्षा होतच नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, कर्नाटकातलं सर्वांत उंच मुळ्ळय्यनगिरी दोन हजारांच्या आत. त्यामुळे तुम्हा दोघांत उंची कोणाला बाधेल हे आज तुम्हालाही माहीत नाही आणि त्यांनाही नाही. ‘माझ्यामुळे’ हे तुम्ही आधीच गृहीत धरलंत.

आता दिवसांचा हिशोब. निपाणीहून दिल्लीमार्गे काठमांडूला विमानानं गेलात तरी जायचे दोन दिवस धरा. काठमांडू ते बेसीशहर रस्त्यानं एक दिवस, तिथून जीपनं चामेपर्यंत आणखी एक. चामे साधारण २,६७० मीटरवर आहे. झाले चार. परतीला मुक्तिनाथहून पोखरा, पोखऱ्याहून काठमांडू आणि घर असे तीन. बारातले सात गेले, चालायला राहिले पाच. चामेहून पिसांग, मनांग, याक खर्क, थोरोंग फेदी आणि मग खिंड असे पाच मुक्काम कागदावर बसतातही, आणि इथंच जोडपी फसतात. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, हा सर्वमान्य नियम आहे. मनांगला निदान एक आणि शक्य तर दोन जादा रात्री लागतात. हवामानासाठी एक दिवस हातात हवा. सगळं धरून निपाणी ते निपाणी १६ दिवस ही माझी कमीत कमी मर्यादा आहे, १८ असतील तर जीवाला घोर राहत नाही. हल्ली जीप थेट मनांगपर्यंत जाते, त्यामुळे ‘दोन दिवस वाचतात’ असं कोणी सांगेल. ते वाचवू नका. ते दिवस अंगाला हवे असतात.

राखीव दिवसाचं एवढं का सांगते? १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. दोनच दिवसांनी त्याच्या शेपटानं थोरोंगच्या भागात बर्फाचं वादळ झालं आणि किमान ४३ माणसं गेली. ऑक्टोबर हा तिथला सर्वांत चांगला महिना मानतात आणि तो चांगलाच असतो. तरी वरून ‘आज थांबा’ असा निरोप आला तर थांबता आलं पाहिजे. परतीचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं असलं की माणूस थांबत नाही.

रजा वाढतच नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: यंदा सर्किट नको, अन्नपूर्णा बेस कॅम्प करा. तो ४,१३० मीटरवर आहे, पोखऱ्याहून सहा दिवसांत सावकाश होतो, आणि ३,७०० मीटरच्या माछापुच्छ्रे बेस कॅम्पला झोपून पहाटे वर जाऊन परत उतरता येतं. १२ दिवसांत बसतो. दोघांनाही आपलं शरीर उंचीवर कसं वागतं ते कळेल. खिंड पुढच्या वर्षीही तिथंच असणार आहे.

आता आमचं सांगते. सर्किटच्या आमच्या पहिल्या खेपेला गट नव्हता, आम्ही दोघं आणि एक गाइड. मिस्टर माझ्यापेक्षा कितीतरी दणकट, राजहंसगडावर पळत चढायचे. मनांगपासून त्यांचं डोकं दुखत होतं. मला ते बोलले नाहीत, कारण त्या वारीसाठी मी तीन वर्षं भिशी लावून पैसे साठवले होते. याक खर्कला त्यांनी अर्धं ताट टाकलं, फेदीला नुसता चहा घेतला. फेदी म्हणजे नेपाळीत पायथा. तिथून आम्ही ४,८८० मीटरच्या हाय कॅम्पला चढलो. संध्याकाळी ते बुटाची नाडी बांधत बसले होते आणि त्यांना ती बांधता येईना. गाइडनं त्यांना सरळ रेषेत, टाचेला अंगठा लावून चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला ते भिंतीवर गेले. मेंदूला सूज येऊ लागल्याचं ते लक्षण होतं. आम्ही अंधारात, डोक्याला टॉर्च लावून, त्यांना मधे धरून उतरलो. फेदीला थांबलो नाही, पहाटेपर्यंत याक खर्कच्या जवळ आलो. तिथं त्यांनी मला विचारलं, "आपण खाली का चाललोय?" आणि मला रडू फुटलं, कारण त्यांना पुन्हा नीट प्रश्न विचारता येत होता. मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं केंद्र आहे, मोसमात तिथं डॉक्टर असतात. त्यांनी तपासलं, आणि आम्ही परत फिरलो.

त्यांनी लपवलं हे सगळ्यांना समजतं. माझ्या वाट्याचं मी फार दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. अर्धं ताट मी पाहिलं होतं. चहासुद्धा पाहिला होता. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं आणि मला खिंड हवी होती. जोडप्यात हे दोन्ही एकदम चालतं: ज्याला त्रास होतो तो लपवतो, ज्याला होत नाही तो विचारत नाही, आणि दोघांनाही वाटतं आपण दुसऱ्याचं मन सांभाळतोय. एकटा माणूस निदान स्वतःशी तरी खरं बोलतो.

तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक जोडीला मी दोन छोट्या वह्या देते. उंचीचा त्रास मोजायला डॉक्टर ‘लेक लुईस स्कोअर’ नावाची गुणपद्धत वापरतात, त्यात डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि चक्कर यांना प्रत्येकी ० ते ३ गुण देतात. आम्ही तेच करतो, फक्त एक भर घालून. रोज रात्री जेवल्यावर प्रत्येकानं आपले गुण लिहायचे, शेजारी जोडीदाराला आपण किती दिले असते तेही लिहायचं, आणि मग वह्या बदलायच्या. तुम्ही डोकेदुखीला ० लिहिलंत आणि त्यांनी तुम्हाला २ दिले, तर त्या रात्री बोलायचा विषय तोच. डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, थकवा किंवा चक्कर आहे, तर पुढे चढायचं नाही, त्याच गावात राहायचं. बरं वाटलं की पुढे. वाढलं तर खाली. आणि तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागी धाप, फेस येणारा खोकला यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी खाली निघायचं, निदान तीनशे मीटर, शक्य तर हजार.

दुसरा नियम घरून निघायच्या आधी, दोघं जेवायला बसलात की ठरवा: ‘परत’ हा शब्द दोघांपैकी कोणीही उच्चारला की त्या दिवशी वाद घालायचा नाही. कारण विचारायचं ते खाली पोचल्यावर. आणि मनांगच्या वर वेगळं व्हायचं नाही. ‘तू पोर्टरबरोबर उतर, मी खिंड करून मुक्तिनाथहून फिरून येतो’ असं सुचवणारे नवरे मी पाहिलेत, बायकाही पाहिल्यात. आजारी माणसाला आपण कसे आहोत हे नीट सांगता येत नाही, ते ओळखायला त्याचं माणूस लागतं.

मुक्तिनाथाचं दर्शन चुकेल ही रुखरुख आपल्याकडे फार असते. सासूबाईंनी १०८ धारांचं तीर्थ आणायला सांगितलेलं असतं. बरं वाटल्यावर पोखऱ्याहून जोमसोमच्या बाजूनं गाडीनं मुक्तिनाथला जाता येतं. आम्ही त्या वर्षी पोखऱ्यात चार दिवस विश्रांती घेतली आणि तसंच गेलो. पण तेही ३,७६० मीटरच्या आसपास आहे, म्हणून वाटेत एक मुक्काम करून. खिंड दोन वर्षांनी झाली.

रात्रीचं एक सांगून ठेवते, कारण हे कोणी सांगत नाही आणि जोडपी फार घाबरतात. साडेतीन हजारांच्या वर झोपेत श्वासाची लय बदलते. चार-पाच मोठे श्वास, मग दहा-दहा सेकंद काहीच नाही, मग दचकून एक खोल श्वास. झोपलेल्याला पत्ता नसतो, शेजारचा मात्र रात्रभर मोजत बसतो. दिवसा माणूस नीट असेल तर यात भिण्यासारखं काही नाही, उंचीवर हे बहुतेकांचं होतं. उठवून बसवू नका.

मी दोघांनाही गाइड घ्यायला सांगते, कितीही अनुभव असला तरी. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळनं परदेशी ट्रेकरना तो बंधनकारक केलाय, पण माझं कारण वेगळं आहे. दोघांपैकी एक आडवा झाला तर दुसऱ्यानं जवळ बसायचं की मदत आणायला जायचं? तिसरा माणूस लागतोच. शिवाय त्याला तुमच्या संसारातलं काही सांभाळायचं नसतं, तो दिसेल ते बोलतो. आपण सीमाभागातली माणसं घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलतो, त्यामुळे नवी भाषा कानाला लगेच लागते. ‘टाउको दुख्यो’ म्हणजे डोकं दुखतंय आणि ‘बिस्तारै’ म्हणजे सावकाश, एवढं शिकून जा. पोर्टर घेतलात तर दोघांचं मिळून १५ किलोच्या वर देऊ नका आणि निघायच्या आधी त्याचे बूट आणि जाकीट बघा.

डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. ती जुळवून घ्यायची क्रिया थोडी लवकर करते, धोक्याचं लक्षण झाकत नाही. पण सल्फाची अ‍ॅलर्जी, किडनीचा त्रास, गरोदरपण यात चालत नाही किंवा विचार करूनच द्यावी लागते, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको. चिठ्ठी मिळाली की घरीच एक-दोन दिवस घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा कडवट लागतो. हे वर पहिल्यांदा झालं तर उगाच धास्ती बसते. सोळा दिवसांत सावकाश जाणाऱ्या बहुतेकांना ती लागत नाही. बारा दिवसांची घाई भरून काढायला मात्र ती घेऊ नका.

एक बायकांचं. मुक्तिनाथ आहे म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेणाऱ्या दरवर्षी भेटतात. उंचीवर अंगातलं पाणी कमी होतं, रक्त दाट होतं, आणि अशा गोळ्यांनी काहींना गुठळीचा धोका वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना ‘पाच हजार मीटरवर जातेय’ असं स्पष्ट सांगूनच ठरवा. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा. बाळाचा विचार चालू असेल तर तोही. उंचीवर तारखा मागेपुढे होतात, त्यामुळे पॅड जास्त न्या आणि वापरलेले खाली आणा.

स्टॅमिना म्हणाल तर तुम्हाला चढण्यापेक्षा उतरण्याची तयारी जास्त लागेल. खिंडीच्या दिवशी फेदीहून पहाटे चारच्या सुमाराला निघून सुमारे हजार मीटर चढायचं असतं, कारण दहानंतर वारा वाढतो. आणि पलीकडे मुक्तिनाथपर्यंत साडेसोळाशे मीटर उतार. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची जेवढी उंची, तेवढं एका दुपारी उतरायचं. गुडघे तिथं बोलतात. तुमच्याजवळ तवंदीचा घाट आहे, संकेश्वरचा वल्लभगड आहे. आठवड्यातून दोनदा पाठीवर सहा-सात किलो घेऊन वल्लभगड चढ-उतर करा, एकदा झाल्यावर न थांबता पुन्हा. महिन्यातून एकदा पारगडला जा आणि पायऱ्या उतरताना घाई करू नका. दोन काठ्या वापरायची सवय इथंच लावा. बोलत बोलत चालता येईल तोच तुमचा वेग.

बूट घोट्यापर्यंतचे, नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे, जाड मोजे घालून संध्याकाळी मापून घ्या. आत्ताच घ्या आणि पावसाळाभर वापरा. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात जो बूट चावला नाही तो तिकडेही चावत नाही. कागदपत्रांत विमानानं जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार कार्ड चालत नाही. अन्नपूर्णा क्षेत्राचा परवाना सार्क देशांच्या लोकांना १,००० नेपाळी रुपये, म्हणजे आपले ६२५. विमा घेताना हेलिकॉप्टरनं सुटका आणि सहा हजार मीटरपर्यंतचा ट्रेक या दोन गोष्टी पॉलिसीत लेखी आहेत का ते वाचा.

खाण्याचं म्हणाल तर वर भूक मरते. दालभात चांगला असतो, पण चौथ्या दिवशी घास फिरतो. मी शेंगाचटणी, कडक भाकरी आणि गोकाकचं करदंट नेते. डिंक, गूळ, खोबरं, सुकामेवा; त्या थंडीत त्याच्याइतकं उपयोगी दुसरं मला सापडलेलं नाही. फक्त ते आतल्या खिशात ठेवा, बाहेर ते दगडासारखं होतं.

चालताना पहिल्या दिवसापासून तुम्ही पुढे, ते मागे. त्यांना हे जड जाईल, दोन दिवसांत पाय सवय करून घेतात.

आणि हे उत्तर आज त्यांना वाचायला द्या. दिवसांचा हिशोब त्यांनी स्वतः मांडून बघू दे. सोळा दिवसांची रजा मिळते का ते त्यांनी विचारावं. मिळाली नाही तर बेस कॅम्पचा नकाशा दोघांनी मिळून उघडा. वह्या मात्र दोन्हीकडे लागतील.